केंद्र तात्पुरते ताईंच्या गच्चीवर

“आलास की आधी माझ्याजवळ बस. गच्ची काही कुठे पळून जात नाही,” ताईंनी फोनवर बजावलं होतं.

आकाशात काय चाललं आहे याची कुणीतरी नोंद ठेवली पाहिजे, याबद्दल सुज्ञ माणसांत दुमत नाही. जमिनीवरचं जो तो बघतच असतो (असा समज आहे). ताईंच्या धाकट्या भावाने, ज्यांना ताईंसकट सगळं जग भाऊच म्हणतं, ही जबाबदारी निवृत्तीनंतर स्वखुशीने पत्करली होती. ते लिफ्ट-तपासनीस होते. चौतीस वर्षं वर जाणाऱ्या नि खाली येणाऱ्या गोष्टींवर लक्ष ठेवल्यावर माणूस विमानांकडे वळला, तर त्याला बढतीच म्हणायची.

त्यांच्या केंद्राची साधनं बेताची. अंगठ्याएवढा रेडिओ रिसीव्हर, वीतभर अँटेना, डब्याएवढा संगणक. प्रत्येक विमान आपण कोण, कुठे, किती उंच, किती वेगात, हे आपणहून सतत सांगत असतं. (माणसं विचारल्यावरही सांगत नाहीत.) भाऊ ते ऐकून घेत आणि जगभरच्या हौशी लोकांच्या एका मंडळाला पाठवत. मंडळ मानधन देत नसे, पण अखंड सेवेचे दिवस मोजत असे. भाऊंचे चारशे अकरा भरले होते. कुणी रोज फुलं वाहतं, कुणी उपास धरतं. भाऊ विमानं मोजत. नेम हा नेमच. तो कुणासाठी धरला हे विचारायचं नसतं.

अशात ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, आणि केंद्राला प्रवास घडला.

बसमध्ये आठ तास केंद्र मांडीवर सुरू होतं. शेजारच्या बाईंनी चौकशी केली, “ब्लडप्रेशरचं का हो?”

“विमानं बघतो.”

“अगंबाई! मग विमानानेच जायचं ना!”

भाऊंनी या अज्ञानाला क्षमा केली. (आपणच बसलेल्या विमानाचा माग काढण्यात अर्थ नसतो. ते कुठे आहे ते ठाऊक असतं.)

मंडळाच्या नियमावलीत कलम सात असं : केंद्र हलवल्यास नव्या जागेचा ठावठिकाणा दहा मीटरच्या आत कळवावा. त्यामुळे भाऊ संध्याकाळी पोचले ते बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर. तिथे वाळत ठेवलेलं ताईंच्या डब्याचं पत्र्याचं झाकण अँटेनाखाली बसवलं, फीत लावून कठड्याची उंची मोजली. ताईंचं घर पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे आहे, हे त्या संध्याकाळी तीन मीटरच्या आत निश्चित झालं. भाऊ अजून घरात गेले नव्हते.

“कोण ते वर? नळवाला का?” खालून ताईंनी विचारलं.

“मी आहे, ताई!”

“मग आलास म्हणायचं.”

ताईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसरा डोळा दिवस की रात्र एवढंच सांगे. जेवताना त्या म्हणाल्या, “उद्या दहाला पट्टी काढणार. अकरापर्यंत लेक येतेय. मागच्या खेपेला ती दारात उभी, नि मी म्हटलं, घरात कुणी नाही, नंतर या. हसली बिचारी. पण आत येऊन किती वेळ नळ सोडून तोंड धूत होती. या खेपेला शब्द दिलाय तिला, दार मीच उघडीन, आणि ओळखून उघडीन.”

“साडेनऊला मी नेतो तुला. दिला शब्द.”

“गच्चीवरून नको देऊस म्हणजे झालं.”

(त्या मुक्कामातला हिशेब : गच्चीवर अकरा तास, ताईंजवळ पन्नास मिनिटं. पैकी वीस मिनिटं बॅटरी चार्ज होत होती.)

सकाळी नऊ दहाला भाचीचं विमान पल्ल्यात आलं. भाऊंचा ऊर भरून आला.

“ताई, सापडली! अकरा हजार मीटरवर आहे!”

“काही खाल्लंय का तिने?”

“ते यात येत नाही.”

“मग येतं काय?”

“वेग येतो. ताशी आठशे चाळीस!”

“एवढी कसली घाई तिला,” ताई म्हणाल्या, आणि चपला घालून खुर्चीत बसल्या.

साडेनऊला त्यांनी हाक मारली, “भाऊ, निघायचं ना?”

“दोनच मिनिटं! उतरायला लागलीय!”

पण धावपट्टी मोकळी नसावी. विमान घिरट्या घालू लागलं, आणि अशा प्रसंगी केंद्र सोडणं म्हणजे भाचीला अर्ध्या आकाशात टाकून जाणं. पहिला फेरा, तीन हजार मीटर. दुसरा फेरा, चोवीसशे (खाली कडी सरकली, पल्ल्यात असूनही नोंद नाही). तिसऱ्यात वेग घटला, भाऊ पडद्यावर वाकले. चौथ्या फेऱ्यातून विमान सुटलं : बाराशे, नऊशे, सहाशे. मग टेकडीआड गेलं, संकेत थांबला. याचा शास्त्रशुद्ध अर्थ, उतरलं.

“ताई, पोचली गं! सुखरूप!”

खालून उत्तर नाही. भाऊंनी सवयीने पडद्याकडे पाहिलं. त्रेसष्ट विमानं होती. ताई नव्हत्या.

वाचकांनी भाऊंना जरूर हसावं. फक्त आधी, वर न बघता, एवढं सांगावं : ताई घराबाहेर पडल्या तेव्हा विमान कितव्या फेऱ्यात होतं? आठवत नसेल तर बिघडत नाही. उंची तर लक्षात आहे ना!

ताई तेव्हा कुंपणाला हात लावून कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. तिथे कुंपण संपत होतं. त्या थांबल्या, दोन्ही बाजूंच्या गाड्यांचा आवाज ऐकला, पदर खोचला, आणि दवाखान्याच्या दिशेने पाऊल टाकलं.