सलीम सरांचं एक लिटर

आमच्या सलीम सरांना "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नाही. "बरं म्हंजे किती?" असं ते उलट विचारतात आणि उत्तराची वाट पाहत उभे राहतात.

अकोल्यातल्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. शिवाय घरं एकाच गल्लीत, म्हणजे सुटका कुठेच नाही. स्टाफरूममध्ये चहा गोड झाला म्हणून कुणी कुरकुरलं की यांचं सुरू: "साखर किती टाकली? दोन चमचे? चमचा हे काय एकक हाय का, मॅडम? ग्रॅममधी सांगा!" तोवर चहाचं पाणी झालेलं असतं. भाजीवाली एकदा म्हणाली, "मूठभर कोथिंबीर फुकट घ्या." यांनी विचारलं, "कोनाची मूठ?" तिने कोथिंबीरच परत घेतली. बरं झालं, अशीच खोड मोडायला हवी.

पोरांच्या तर हात धुऊन मागे. "लिटरभर द्रावण बनवा म्हटलं का हे पोट्टे लिटरभर पानी ओतते अन् वरून मीठ टाकते! अबे, मिठाले जागा लागत नाही का? आधी थोड्या पान्यात विरघळव, मंग खुणेपर्यंत भर!" हे भाषण भिंतीपलीकडच्या माझ्या वर्गालाही तोंडपाठ आहे. माझ्या कविता मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

मग सरांच्या बायकोच्या, आमच्या भाभींच्या, किडन्यांनी दगा दिला. पाणी अंगात साचायचं, पाय सुजायचे, दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, दिवसाला एक लिटर, वर घोटभरही नाही. दुसरा नवरा मान हलवून उठला असता. आमचे सर म्हणाले, "लिटर कशाचा? नुसतं पानी, का वरनातलं, चहातलं, दह्यातलं धरून?" मी सोबत होते, मेलं, इथेही यांचं चालूच! डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सगळं धरून."

तेव्हापासून त्या घरात स्वयंपाक होत नाही, प्रॅक्टिकल होतं. वरणाची वाटी काट्यावर, टरबुजाची फोड मिलिलिटरमध्ये. भाभींना मोह नको म्हणून पिण्याच्या पाण्याचं पिंप मागच्या अंगणात. जेवणातलं वजा जाता उरलेलं पाणी सकाळी खूण केलेल्या बाटलीत भरायचं, दिवसभर भाभींनी त्यातूनच घ्यायचं. "घोट वाढला का दवाखाना," सर बजावायचे. हा नवरा आहे की मोजपात्र, असं मी भाभींना तोंडावर विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

मे महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे कैऱ्या द्यायला गेले. अकोल्याचं ऊन ते. गल्ली ओलांडेस्तोवर जीभ टाळूला चिकटली. आल्या माणसाला आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. भाभींनी ग्लास पुढे केला, मी गटागटा रिकामा केला आणि मग टेबलावरची भाभींची खुणेची बाटली उघडी दिसली. बाईने मला स्वतःच्या वाट्याचं पाणी पाजलं होतं!

सर आतून आले. बाटलीसमोर वाकले, डोळा पाण्याच्या पातळीला आणला. "दोनशे कमी. कोन पेलं?"

"मी प्यायले," मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी कोपऱ्यातून तशीच दुसरी बाटली आणली आणि तिच्यातून भाभींची भरून दिली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"मायी. प्रयोगात तुलनेले दुसरा नमुना लागते, मॅडम."

"कायचा नमुना!" भाभी कडाडल्या. "मले जेवढं, तेवढंच सोताबी पेतेत. कॉलेजातबी, या उन्हात! हात जोडले, पाया पडून पाह्यलं, आयकतच नाहीत. व्हट पाहा बरं त्याइचे!"

ओठ खरंच फाटलेले होते. सर बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत बसले. "तू तहानलेली बसशीन अन् मी पेऊ? मायाच्यानं होत नाही," एवढंच म्हणाले.

भाभी उठल्या. भिंतीला धरत, सुजल्या पायांनी अंगणात गेल्या आणि पिंपातून काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आल्या. अर्धी वाट पाणी सांडत होतं.

"घ्या. मायासमोर प्या. तुमी पडले तं मले मोजून कोन देईन?"

सरांनी तांब्या तोंडाला लावला. भाभी समोर उभ्या राहून त्यांचा एकेक घोट पाहत होत्या, आणि मला तिथे थांबवेना.