ताफ्यातली शेवटची गाडी

आमच्या सोसायटीत भोईटेकाकांची पाठ कुणीही पाहिलेली नाही. पाठ दिसायला माणूस आपल्या पुढे चालावा लागतो, आणि काका कुणाच्याच पुढे चालत नाहीत. लिफ्टमध्ये ते सगळ्यांच्या शेवटी शिरतात. जिना उतरताना मागून कुणाची चाहूल लागली की भिंतीला चिकटून उभे राहतात आणि म्हणतात, "पुढे व्हा, मी आहे मागे." एकदा आम्ही दोघंच जिना उतरत होतो, अर्थात मी पुढे, ते मागे. अर्ध्यात मला चष्मा विसरल्याची आठवण झाली म्हणून मी वळले. झालं, आता वरच्या बाजूला काका होते, म्हणजे ते पुढे झाले. त्यांनी मला वाट दिली, माझ्या मागोमाग तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, मी चष्मा घेईपर्यंत दारात थांबले आणि पुन्हा माझ्या मागून खाली आले. त्यांना फक्त कोथिंबीर आणायची होती.

मी बडोद्याच्या मांजलपूरमधल्या ह्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. निवडून वगैरे कुणी दिलं नाही. शाळेतून रिटायर झाले त्याच आठवड्यात चेअरमन पटेलभाई पेढे घेऊन आले आणि "हवे तो तमारे टाइमच टाइम, बेन" म्हणून हे लोढणं गळ्यात अडकवून गेले. तेव्हापासून पाण्याची टाकी, पार्किंग, कबुतरं आणि वरच्या मजल्यावरून खाली पडणारे चहाचे चोथे ह्यांत माझं आयुष्य चाललंय. थकवा आता अंगातून जात नाही, झोपून उठलं तरी. त्यात भोईटेकाकांच्या तऱ्हा.

काका फौजेत ड्रायव्हर होते. घराणं जुनं बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. डोंगरातल्या रस्त्यांवर रसद घेऊन जाणाऱ्या ट्रकांचा ताफा असतो, काका त्याला कानवाय म्हणतात. त्या ताफ्यातली शेवटची गाडी त्यांची. वाटेत कुणाचा ट्रक बंद पडला, कुणाचं चाक बर्फात रुतलं, तर त्याला ओढून काढायचं आणि सोबत घेऊनच पुढे जायचं. शेवटची गाडी पोचली की ताफा पोचला. नोकरीची बहुतेक वर्षं काकांनी हेच केलं, आणि रिटायर झाल्यावर हे थांबवायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

सोसायटीची पावागडला सहल गेली होती. काका सगळ्यांच्या मागून, वाटेत राहिलेल्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि माणसं गोळा करत उतरले. पायऱ्यांवर एक म्हातारी बाई दम खात बसली होती. काकांनी तिला उठवलं, हात धरून बसमध्ये आणून बसवलं. आम्ही तिला ढोकळा दिला, ताक दिलं. मला वाटलं, सोसायटीतल्या शहांच्या कुणी असतील. शहांना वाटलं, आमच्या कुणी असतील. हालोलच्या पुढे आल्यावर तिने विचारलं की सुरत अजून किती लांब आहे. आमच्याबरोबर का आलात विचारलं तर म्हणाली, "मने तो एम के तमे वेवाईवाळा छो." व्याह्यांची माणसं आहेत असं समजून ती मुकाट्याने आली होती. बस परत फिरवावी लागली. काका म्हणाले, दुसऱ्या कानवायचा माणूस असला तरी तो माणूसच.

नवरात्रात तर त्यांची फारच पंचाईत झाली. गरबा गोल फिरतो. त्यांच्या बायकोने, इंदूकाकूंनी, आग्रह केला म्हणून काका एकदा खेळायला उतरले आणि शेवटचा माणूस कोण ते शोधत वर्तुळाला बाहेरून फेऱ्या मारू लागले. ज्याच्या मागे जावं त्याच्या मागे आणखी कुणीतरी. शेवटी घामाघूम होऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई, इस कानवाय की पूंछ ही नहीं है." पंगतीतही ते शेवटच्याच पंगतीला बसतात, त्यामुळे लग्नातलं श्रीखंड त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत चाखलेलं नाही.

आणि वर्षातून दोनदा आम्ही त्यांचा सत्कार करतो. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. सोसायटीत माजी सैनिक एकच, त्यामुळे दर वेळी तेच. काकांची एकच अट असते, माझं नाव शेवटी घ्या. आधी झेंडा, मग पाहुण्यांचं भाषण, मग दहावी-बारावीवाले, मग रांगोळीवाले. तोवर फाफडा-जिलेबीचा वास सुटलेला असतो आणि अर्धी माणसं खुर्च्या सोडून तिकडे गेलेली असतात. माइकवरून मी दर वेळचीच वाक्यं म्हणते, आपण ह्यांच्या ऋणात आहोत, हे ऋण फिटणारं नाही. शाल आणि नारळ देते. समोर माइकवाला वायर गुंडाळत असतो. बडोद्याच्या उन्हात शालीचं करायचं काय, तर काकूंनी त्यांच्या उशा शिवल्या. एका वर्षी पाहुणे म्हणून आलेले पुढारी म्हणाले की तुमच्यासारख्यांमुळे आम्ही शांत झोपतो. शेजारी बसलेल्या इंदूकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बरं आहे, कुणाला तरी झोप लागते."

इंदूकाकू काकांच्या बरोबर उलट. बोलक्या. भाजीवाल्यापासून कबुतरापर्यंत कुणाशीही बोलतील. दोघं रोज बाजारात जायची. काकू पुढे, काका आठ-दहा पावलं मागे. काकू बोलत चालायच्या, आणि काका इतके मागे असायचे की बघणाऱ्याला वाटावं, बाई हवेशी बोलतेय. नवीन भाजीवाली विचारायची, "एकलां आव्यां, मासी?" काकू सांगायच्या, "ना रे, पाछळ आवे छे." तिला मागे कुणी दिसायचं नाही, कारण काका तोवर कुणाच्या तरी सायकलची उतरलेली चेन बसवत असायचे. काकू मला म्हणायच्या, नोकरीत होते तेव्हा मी एकटीच चालायचे, आता रिटायर झाले तर तेच. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

दिवाळीनंतर काकू दांडिया बाजारात पडल्या. फुटपाथची फरशी हलली आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. वाटी फुटली. काका नेहमीसारखे मागे होते. त्यांनी सगळं पाहिलं, धावलेही, पण ते पोचेपर्यंत काकू खाली होत्या. सयाजीगंजमधल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी गेले तेव्हा काका बाहेर बाकावर बसले होते, शर्टाच्या बाहीला रस्त्यावरची माती तशीच.

मी त्यांना चांगलंच झापलं. ऐंशीला टेकलेल्या माणसाला झापू नये, पण मी थकले होते आणि घाबरलेही होते. म्हटलं, ही काय फौज आहे का, बायकोच्या बाजूने चालायला काय होतं तुम्हाला. काका जमिनीकडे बघत म्हणाले, "बाजूनं चाललं की ती बोलते."

नवरे करतात तसला विनोद असेल असं समजून मी आत गेले.

आत काकू पाय सरळ बांधून पडल्या होत्या. औषधाने जीभ सैल झाली होती की पडल्यामुळे मन, कुणास ठाऊक. काकांना त्यांनी चहा आणायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, एक गोष्ट सांगते. भोईट्यांच्या घरात एक नियम होता. सुट्टीवर आलेल्या माणसाला घरातलं वाईट काही सांगायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, तो पुन्हा त्याच डोंगरात गाडी चालवणार आहे, एका बाजूला दरी आहे, डोक्यात काही घेऊन जाता कामा नये. काका घरी यायचे तेव्हा सगळं छान असायचं. आजारपणं, भांडणं, गळणारं छप्पर, सगळं ते गेल्यावर. दुसऱ्या फौजी घरांतही असंच असायचं म्हणे.

लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. पुण्याला असतो त्या मुलाच्या आधी. काका तेव्हा वर होते, बर्फाने रस्ता बंद. मुलगी दीड महिन्याची झाली आणि तापाने गेली. एवढं मात्र कळवावंच लागलं. काकांना तार मिळाली, पण रस्ता उघडला तो उन्हाळ्यात. ते आले तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता आणि सासूबाईंनी डोळ्यांनीच सुनेला बजावलं होतं. काका आठ दिवस राहिले. जेवले, झोपले, छपराची कौलं बसवली. मुलीचा विषय त्यांनी काढला नाही आणि काकूंनीही नाही. मग पुढची सुट्टी, त्याच्या पुढची सुट्टी. पुढे सासूबाई गेल्या, नोकरी संपली, नियम तेवढा राहिला.

"मला सांगायचं असतं गं," काकू म्हणाल्या. "पण त्यांनी विचारल्याशिवाय मी कशी सांगू? बाजूनं चालताना मी जुनं काही काढलं, की ते मागे मागे जातात. एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला पाहिलेली आता मी एकटीच उरले."

माइकवरून म्हणते ती वाक्यं आठवली आणि माझीच मला लाज वाटली. आपण ह्यांना बर्फासाठी, दरीसाठी शाल देतो. ही दोघं घरात काय सोडून बसली होती ते कुणाला ठाऊक होतं? काका चहा घेऊन आले. आधी मला दिला, मग काकूंना, आणि स्वतःला आणायला विसरले.

टाके काढायला न्यायचं होतं तेव्हा मी माझी गाडी काढली. पाय सरळ ठेवायचा होता, म्हणून काकूंना मागच्या सीटवर आडवं बसवलं. काका स्कूटरची किल्ली घेऊन उभे. म्हणाले, मी मागून येतो. मी म्हटलं, पाय कोण धरणार? ते दोन मिनिटं गाडीशी घुटमळले, मग मागे शिरले आणि काकूंचा पाय मांडीवर घेऊन बसले. जपून, दोन्ही हातांनी धरून.

सयाजीगंजच्या अलीकडे आम्ही वरघोड्यात अडकलो. पुढे घोड्यावर नवरदेव, बँडच्या ट्रकवर भोंगे आणि रस्ताभर नाचणारे मामा-काका. दोन्ही बाजूंनी गाड्या. गाडीतून उतरून मागे जायची सोय नव्हती. काचा बंद केल्या तरी ढोल छातीत वाजत होता. मग वरात थोडी पुढे सरकली, आवाज उतरला, आणि काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ह्याच रस्त्यानं दवाखान्यात घेऊन आलो होतो तिला. रिक्षात. सासूबाई आणि मी."

काकांनी मान वळवली. आरशात मला दिसलं, ते मागच्या काचेतून बाहेर बघत होते.

"मागे काही नाहीये," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "इकडे बघा."

मी स्टिअरिंग धरून समोरच्या माणसांकडे बघत राहिले, ह्या क्षणी मी तिथे नसते तर बरं झालं असतं असं वाटत होतं. मग काकांनी मान फिरवली. पायावरचा हात तसाच होता.

"कुणासारखी होती गं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदराने नाक पुसलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखी. दूध पितानासुद्धा कपाळाला आठी. कुणीतरी उशीर केल्यासारखी."

काका हसले असावेत, किंवा दुसरं काही असेल. मी आरशात बघायचं टाळलं.

"आणि केस?"

"डोकं भरून. कानावर यायचे."

समोरचा रस्ता मोकळा झाला होता. हॉर्न सुरू झाले. मी गाडी कडेला घेतली, एका झेरॉक्सच्या दुकानासमोर लावली आणि बंद केली. डॉक्टरांनी दिलेली वेळ टळून जाणार होती, आणि आज ते दुसरी वेळ देणार नाहीत हेही मला माहीत होतं. मागे काका एकेक विचारत होते, आणि काकू सांगत होत्या.