पंतप्रधानांना झापणारे दामलेकाका

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत पंतप्रधान राहत नाहीत, हे मला नव्या भाडेकरूंना समजावून सांगावं लागायचं. कारण रोज सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या यायच्या वेळेला समोरच्या फ्लॅटमधले दामलेकाका गॅलरीत येत आणि खणखणीत आवाजात सुरू होत, "अहो पंतप्रधान, उठलात का? चहा झाला असेल तर जरा इकडे देशाकडेही बघा."

काकांचा जन्म पुण्याच्या बुधवार पेठेतला, त्यामुळे झापायचं ते अहोजाहो करूनच. कोथिंबीर महागली, पंतप्रधान. सिलिंडर आला नाही, पंतप्रधान. लिफ्ट बंद पडली तेव्हाही दिल्लीचाच उद्धार झाला. मागे एकदा सरकार बदललं, तेव्हा नव्या माणसाला स्थिरस्थावर व्हायला काकांनी एक दिवसही दिला नाही. "मी खुर्चीला बोलतो. माणसाशी आपलं वैर नाही," एवढं म्हणून ते मोकळे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. अशा माणसाच्या समोरच्या दारात राहणं म्हणजे गायकाने बँडवाल्याच्या शेजारी राहण्यासारखं. मी कैकदा समजावलं, की काका, तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या, तिथल्या गिऱ्हाइकांनी कामं थांबवली, म्हणून आपल्याकडे नोकऱ्यांची ही बोंब आहे. दिल्लीतला एक माणूस त्यात काय दिवे लावणार? काका शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "ते झालं हो, प्राध्यापकबाई. पण जबाबदार कोण?" कोणीच नाही, हे तेजीमंदीचं चक्र असतं, असं मी सांगितलं, की म्हणत, "चक्राला कसं झापायचं?"

पण ते वर्ष खरंच वाईट होतं. खराडीच्या आयटी कंपन्यांत मुलांना एकेक करून आत बोलवत, लॅपटॉप आणि गळ्यातलं कार्ड काढून घेत आणि जेवणाच्या आत घरी पाठवत. आमच्या पार्किंगमध्ये भर दुपारी तरणीताठी मुलं नुसती येरझाऱ्या घालताना दिसायची. त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नसे, म्हणून आम्ही जो तो मान खाली घालून जायचो. घराचे हप्ते सगळ्यांनाच होते. दुपारी कुणाच्याही दाराची बेल वाजली, की जिन्यातली सगळी घरं कान टवकारायची.

काकांचा एकुलता एक मंदार अशाच एका कंपनीत होता. काकू मागेच गेलेल्या, घरात बाप-लेक दोघंच. मंदारला बेंचवर बसवलं होतं, म्हणजे पगार चालू पण हाताला काम नाही. तो मुळातच अबोल, आता तर घास चघळतानाही आवाज करेनासा झाला. त्याच सुमारास काकांनी गच्चीला स्वतःचं कुलूप घातलं. ऐन उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला जागा नाही, म्हणून बायका खवळल्या. काका मात्र ढिम्म हलले नाहीत. गच्ची तापते, असं तर्कट उत्तर देऊन त्यांनी किल्ली जानव्याला बांधली.

एका सकाळी मला कॉलेजला उशीर होत होता आणि काकांची तोफ चालू होती. माझं डोकं फिरलं. त्यांच्या उघड्या दारात उभी राहून मी म्हटलं, "काका, पुरे आता. ज्यांचं काम कच्चं असतं त्यांना कंपन्या आधी काढतात. पंतप्रधानांचा काय संबंध?"

मंदार तिथेच बुटाची नाडी बांधत होता, ते मला दिसलंच नव्हतं. त्याने मान वर केली नाही. बॅग उचलून तो जिना उतरून गेला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. तसेच धावत ते गॅलरीत गेले, तो बसमध्ये चढेपर्यंत वाकून बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"बाई, मला काय कळत नाही का, तो माणूस दिल्लीत बसून माझ्या पोराचं काम बघत नाही ते?" काकांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नवं आर्थिक धोरण आलं आणि आमचा कारखाना बंद पडला, तेव्हा मी घरी बसलो. माझंच काहीतरी चुकलं, असं म्हणत बसलो. तुझं काही चुकलं नाही, असं एकानेही सांगितलं नाही मला. गच्चीच्या कठड्यापर्यंत जाऊन आलोय मी, बाई. म्हणून रोज ओरडतो. बसमध्ये चढताना त्याच्या कानावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव पडावं."

कॉलेजात त्या दिवशी मी तेजीमंदीचं चक्र फळ्यावर काढलं आणि अर्ध्यातच पुसून टाकलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी परीक्षेचे गठ्ठे घेऊन घरी येत होते, तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर मंदार बसलेला. गळ्यात कार्ड नव्हतं. गठ्ठे खाली ठेवून मी त्याच्या शेजारी बसले.

"काकू, तुम्ही अर्थशास्त्राच्या आहात," तो म्हणाला. "खरं सांगा. बाबा म्हणतात तसं हे सगळं पंतप्रधानांमुळेच होतंय ना?"

"हो," मी म्हटलं. "शंभर टक्के. तुझा काडीचाही दोष नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. पटलं की नाही, मला अजूनही माहीत नाही. पण तो उठला आणि सावकाश जिना चढू लागला. मी जीव मुठीत धरून त्याची पावलं ऐकत राहिले. ती दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दाराशी थांबली. बेल वाजली नव्हती, तरी दार उघडलं.

"आलास? चल, हात धू," काका म्हणाले. "एकट्याला जेवण जात नव्हतं मला."