तारा शिजवणारे रणपिसे

आमचे शेजारी रणपिसे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गिटारच्या तारा शिजवतात. 'शिजवतात' हा शब्द त्यांचाच. मी एकदा 'उकळतात' म्हणालो, तर लगेच दुरुस्ती झाली. "उकळत्यात चहा, इन्स्पेक्टर. तारा शिजवायच्या असत्यात."

पातेलं अ‍ॅल्युमिनियमचं. पाणी दीड लिटर. त्यात भांडी घासायची पावडर अर्धा चमचा. वेळ चौदा मिनिटं. तेरा मिनिटांत तारेतला मळ सुटत नाही आणि पंधराव्या मिनिटाला तार "बावचळते". मग चिमट्याने चारही तारा बाहेर काढायच्या, जुन्या बनियनने पुसायच्या आणि अंगणातल्या दोरीवर वाळत टाकायच्या. शेजारी साड्या वाळत घालणाऱ्या सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, रस्त्यावरचा एखादा नवखा थबकला की आपणहून सांगतात, "खायच्या न्हाईत. वाजवायच्या हायत."

गुरुवार अशासाठी की रांजणगावच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आणि रणपिसे टूलरूममध्ये फिटर. शिरूरच्या आमच्या कॉलनीत आम्हा दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, नऊ इंची. तिच्या पलीकडे रणपिसेंचा स्पीकर आणि अलीकडे आमची भांड्यांची मांडणी. शहाण्णव साली आम्ही राहायला आलो, त्या आठवड्यात कुणी हात न लावता आमची पितळी परात थरथरू लागली. बायको म्हणाली, भूकंप. मी म्हणालो, भूकंप सात मिनिटं चालत नाही. पलीकडे जाऊन पाहिलं, तर लुंगी नेसलेला एक मध्यमवयीन माणूस डोळे मिटून बेस गिटार वाजवत होता.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब दांडीची, विजेवर चालणारी गिटार. तिचा आवाज इतका खालचा की तो कानाने ऐकावा की छातीने, हे ठरवता येत नाही. मी नऊ वर्षं ऐकत होतो आणि कोणतं गाणं चाललंय ते एकदाही ओळखू शकलो नव्हतो. तसं बोलून दाखवलं, तर रणपिसे खूश झाले. "वळखू आला तर त्यो बेस कसला? गिटार म्हंजी बोलणं. बेस म्हंजी हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला कुणी 'हुं' म्हणलंच न्हाई, तर त्यो किती येळ सांगंल?"

पहिल्याच दिवशी मी त्यांना एकेक स्वर वाजवायला लावून परातीचा दोष नेमका कुठे आहे ते शोधलं. सगळ्यात जाड तार, दांडीवर बोट दाबायला ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांतली तिसरी. बाकी कुठल्याही स्वराला परात गप्प. मी तसं डायरीत लिहून ठेवलं आणि त्यांना विनंती केली. ते म्हणाले, "तिसरीला दमानं घेतो," आणि शब्द पाळला.

मोजमापाचं वेड मला आहेच, पण रणपिसेंपुढे मी काहीच नाही. "इन्स्पेक्टर, फिलर हाय का?" असं विचारत ते महिन्यातून दोनदा तरी यायचे. फिलर गेज म्हणजे दोन वस्तूंमधली बारीक फट मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा. तार दांडीपासून किती उंच आहे ते मोजायला त्यांना तो लागे. माझा स्वतःचा मी दिला, तर त्यांनी उलटापालटा करून विचारलं, "कॅलिब्रेशन कवा झालंय?" माझ्याच हत्याराचं सर्टिफिकेट माझ्याच दारात मागणारा हा पहिला माणूस.

हे सगळं मोजायचं कारण, त्यांच्या तारा खरखरत. तार वाजली की दांडीवरच्या पट्ट्यांना घासे. सुरुवातीला थोडी, मग वर्षागणिक जास्त. रणपिसे तारा शिजवत, दांडी सरळ करत, तार दशांश मिलिमीटरने वर घेत. चार महिने बरे जात, की पुन्हा खरखर.

यावर सल्ला द्यायला यवतहून दोरगे यायचे. दोरगेंचं तिथे खतांचं दुकान आहे आणि त्यांच्याकडे सहा तारांची गिटार आहे. शिवाय पायाने दाबायची एक पेटी आहे, ती दाबली की गिटारमधून बोअरच्या मोटरीसारखा आवाज निघतो. राहू गावावरून मोटरसायकल हाणत गुरुवारी दुपारी ते यायचे आणि दोघं सरावाला बसायचे. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. चर्चा दोन तास पन्नास मिनिटं, वादन अकरा मिनिटं.

"रणपिसे, दुकानदारानं तुला चारच तारा दिल्या. दोन ऱ्हायल्यात, मागून घे."

"दोरगे, तुझ्या साही पिळल्या तरी माझ्या एका तारंएवढ्या जाड व्हायच्या न्हाईत."

"जाडीचं काय कौतिक? बैलाच्या कासऱ्यागत तारा. वाजवतोस का बांधतोस?"

"आन् तुझ्या पेटीचं काय कौतिक? पाय ठिवला की गावाला वाटतंय पाणी आलं."

मग गोल गुंडाळलेली तार चांगली की चपट्या पत्तीची, यावर तासभर. पण सूर लावताना दोघंही गप्प. दोरगे आपली गिटार रणपिसेंच्या बेसला मिळवून घेत आणि रणपिसे आपला बेस एका टेपरेकॉर्डरला. त्यावर एकच कॅसेट लागायची. तिच्यात रणपिसेंचे थोरले भाऊ गात होते. सगळे त्यांना दादा म्हणत. केंदूरच्या एका गायन पार्टीत ते बाबासाहेबांची गाणी म्हणायचे. कुणाच्या तरी लग्नात टेप केलेली ही एक बाजू तेवढी उरली होती. दादा जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती. आवाज भारदस्त, जरा जड. मी मनात त्यांना पन्नाशी दिली होती, फेटा आणि मिशाही दिल्या होत्या.

"सूर दादांचा," रणपिसे म्हणायचे. "त्याच्या वर दुसरं सर्टिफिकेट न्हाई."

नऊ वर्षांत रणपिसेंनी घराबाहेर एक स्वर वाजवला नव्हता. कुणी बोलावलंच नव्हतं. दोन हजार पाच साली मात्र गावच्या गायन पार्टीचे साळवे गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "मामा, जयंतीच्या कार्यक्रमाला खाली बेस असला तर भरीव वाटंल. याल का?" रणपिसेंनी गंभीरपणे 'बघून सांगतो' म्हटलं. गुरुजी कोपऱ्यावर पोहोचायच्या आत ते आमच्या दारात होते. "इन्स्पेक्टर, स्टेजवर बोलावलंय मला." वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कार्यक्रमासाठी नवा शर्ट शिवायला टाकला.

तालीम बुद्धविहारात होती. स्पीकरचं वजन अडतीस किलो, म्हणून दुसरं टोक धरायला मी गेलो. गुरुजींनी तोंड उघडलं, ऑर्गनवाल्याने बोटं ठेवली, रणपिसेंनी तार छेडली आणि चांदीचा कागद दाताखाली यावा तसं झालं. मला सूर कळत नाही. पण ढोलकीवाल्यानेही हात थांबवला.

"मामा, सूर लावून घ्या."

"लावलाय."

"जरा उतरलाय. ऑर्गनला मिळवा की."

"ऑर्गन चढलाय तुमचा."

"अहो, ऑर्गन कंपनीतनंच सूर लावून येतो. त्याला खुंटीच न्हाई."

"माझा सूर दादांचा हाय, गुरुजी."

गुरुजींनी हात जोडले. लहानपणी त्यांनी दादांना ऐकलं होतं. "दादा लय मोठा माणूस. पर मामा, मग दादा बेसूर व्हते असं म्हणायचं का आम्ही?"

गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हतं. ऑर्गनला मिळवून घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. पण ती दोन मिनिटं म्हणजे दादा चुकले याची कबुली होती. रणपिसेंनी वायर गुंडाळली, बेस पिशवीत घातला आणि ते चालू लागले. स्पीकर मी आणि ढोलकीवाल्याने आणला.

कार्यक्रमाला दहा दिवस होते. गुरुवार आला, महिन्याचा पहिला, आणि दोरीवर नुसत्या साड्या. दुपारी सुमनवहिनी आल्या. "भावजी, जेवत्यात, कामावर जात्यात, पर बोलत न्हाईत. आन् बेसला हात न्हाई. तुम्ही तरी बघा की कायतरी."

मी डायरी घेऊन गेलो. माझ्याकडे दुसरं काय असणार?

"रणपिसे, तिसरी पट्टी वाजवा. जोरात."

"परात वाजंल तुमची."

"वाजू दे."

त्यांनी वाजवली. भिंतीपलीकडून बायकोने ओरडून सांगितलं, "काही नाही!"

"आता चौथी."

चौथीला परात अशी थरथरली की बायकोला ती धरावी लागली. मी डायरी पुढे केली. शहाण्णव साली तिसरी, आज चौथी. परात तीच, भिंत तीच. पट्टीगणिक स्वर चढतो; परातीचा तोच स्वर गाठायला आता एक पट्टी जास्त लागत होती, म्हणजे बेस तेवढा खाली आला होता.

"मी तर दर बारीला दादांना मिळवून घेतो."

"मग दादा उतरलेत."

असं बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पाहून मला ते कळलं. मी घरी जाऊन माझी भजनांची कॅसेट आणि स्टॉपवॉच घेऊन आलो. आमच्या टेपवर तिची एक बाजू तीस मिनिटं पाच सेकंदांत संपते, हे मला माहीत होतं. रणपिसेंच्या टेपवर आम्ही ती लावली आणि दोघं समोर बसून राहिलो. एकतीस मिनिटं पन्नास सेकंद.

"दादा नाही उतरले," मी म्हणालो. "टेप दमलाय."

रणपिसेंनी टेपरेकॉर्डर कधीच उघडला नव्हता. कारखान्यातली हजार यंत्रं उघडणारा माणूस, पण कॅसेटला काही होईल म्हणून या यंत्राला त्याने स्क्रूड्रायव्हर लावला नव्हता. त्या दिवशी लावला. आतला रबरी पट्टा जुन्या लेंग्याच्या नाडीसारखा सैल पडला होता. वर्षा-वर्षाने पट्टा सैल होत गेला, कॅसेट हळू फिरत गेली, तसा दादांचा सूर उतरत गेला, त्याच्या मागोमाग रणपिसे तारा उतरवत गेले, आणि उतरलेल्या तारा ढिल्या होऊन पट्ट्यांना घासू लागल्या. नऊ वर्षं त्यांनी तारा शिजवल्या, मी गेज पुरवला, दोरगेंनी सल्ला दिला. टेपकडे कुणीच पाहिलं नाही.

"म्हंजी दादा बेसूर न्हाईत," ते म्हणाले. मग सुमनवहिनींना हाक मारून पुन्हा म्हणाले, "आगं, दादा बेसूर न्हाईत!"

बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून त्यांनी स्वतः नवा पट्टा आणला. बसवला. दादांची कॅसेट लावली. मी सूर ऐकायचा आव आणून बसलो.

टेपमधून एक पोरगा गायला लागला.

पातळ, तरतरीत आवाज. ओळ संपायच्या आधीच पुढची पकडायची घाई. मध्ये एका ठिकाणी श्वास तुटला, तर त्यावर स्वतःच किंचित हसला. माझे फेटा-मिशावाले दादा कुठेच नव्हते. रणपिसे वाकून टेपकडे बघत होते. सुमनवहिनी दारात उभ्या होत्या. बाजू संपून बटण खटकन वर आलं.

"गेले तवा सव्वीस वर्षांचे व्हते दादा," रणपिसे म्हणाले. "माझ्या डोक्यातनंच गेलं व्हतं. मी म्हातारा व्हाया लागलो तसे तेबी व्हाया लागले, असंच वाटायचं." मग, मी विचारलं नसताना, "ह्या टेपात नुसती बाजाची पेटी आन् ढोलकी हाय. आवाजाच्या खाली सगळं मोकळं. ऐकलं की वाटायचं, पडतील. म्हणून बेस घेतला मी. दुसरं काय न्हाई."

त्यांनी तारा वर चढवल्या. खरखर बंद. तसेच उठले आणि बेस घेऊन गुरुजींकडे गेले.

कार्यक्रम झाला. रणपिसेंनी नवा शर्ट घालून सलग दोन तास वाजवलं. मी दुसऱ्या रांगेत होतो, मला बेस ऐकू आला नाही. खुर्ची हलत होती एवढं खरं. दोरगे यवतहून आले होते. ते म्हणाले, "तू मधी पाणी प्यायला थांबलास ना, तवा कळलं की तू वाजवत व्हतास." हे वाक्य रणपिसेंनी मला आतापर्यंत चार वेळा सांगितलं आहे.

पुढच्या गुरुवारी मी स्टॉपवॉच परत आणायला गेलो. दार उघडं होतं. वहिनी बाजाराला गेल्या होत्या. आतमध्ये कॅसेट चालू होती आणि रणपिसे भिंतीला टेकून, बेस मांडीवर घेऊन तिच्याबरोबर वाजवत होते. गाण्यातली ती जागा आली, जिथे दादांचा श्वास तुटतो. रणपिसेंनी एक स्वर लांब धरून ठेवला, आणि टेपकडे न बघता, सहज, घरातल्या धाकट्याला सांगावं तसं म्हणाले,

"दमानं म्हण, बाळा. घाई करू नगंस. मी हाय."

मी स्टॉपवॉच तिथेच राहू दिलं आणि परत फिरलो.