सहा सिल्की आणि एक आखाड

शेखरने फेब्रुवारीत सिल्की जातीची सहा पिल्लं विकत आणली, तेव्हा त्याला कोंबडीबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे ती किती वेळ शिजवायची. बाकीचं ज्ञान त्याने मोबाइलवर तीन व्हिडिओ बघून मिळवलं. सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर झालेल्या माणसाला एवढं शिक्षण पुरतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

पिल्लं मात्र देखणी होती. पिंजलेल्या कापसाला चोच लावावी तशी. शेखरने टीव्हीच्या खोक्यात भुसा पसरला, वर साठचा बल्ब टांगला आणि आतली ऊब मोजायला घरातला तापाचा थर्मामीटर खोक्यात ठेवला. त्याच आठवड्यात मोहिनीला ताप भरला, तर नवऱ्याने कपाळाला हात लावून, "असेल शंभर-एकशे एक," असा अंदाज सांगितला. थर्मामीटर काढला असता तर पिल्लांची झोपमोड झाली असती.

"माझ्या बाळंतपणात एवढं केलं असतं तर बरं झालं असतं," मोहिनी म्हणाली.

"अगं, पायाला पाच बोटं आहेत त्यांच्या. साध्या कोंबडीला चारच असतात."

"मलाही पाचच आहेत. तुम्ही कधी मोजली नाहीत."

जूनपर्यंत पिल्लांची पाखरं झाली. ती उडत नव्हती, आरवत नव्हती, अंडं द्यायचा तर विषयच नव्हता. कुठेही ठेवली तरी बूड टेकून बसायची. संध्याकाळी शेखरच्या मांडीवर बसून ती बातम्या बघत, आणि त्यातल्या राणीला तर त्याच्या हातूनच भाकरी लागे. शेखरचा जीव त्यांच्यात किती गुंतलाय हे गल्लीला कळलं होतं. फक्त शेखरला ते कबूल नव्हतं.

एकदा शेजारच्या नवनाथने कुंपणावरून विचारलं, "शेखरभाऊ, अंडी नाय, काय नाय. मग ही करते काय?"

"शोभेची आहे."

"शोभेला आम्ही कुंडी ठेवतो."

हे शेखरला झोंबलं. "तुला काय कळतंय? आतून काळी असते ती! कातडी काळी, मांस काळं. चीनमध्ये औषध म्हणून खातात!"

जी वस्तू खाऊ द्यायची नाही तिची चव सांगू नये, एवढी साधी अक्कल त्याला नव्हती. नवनाथही त्याच कारखान्यात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ही बातमी मॅनेजर किशोरसाहेबांच्या गुडघ्यापर्यंत पोचली. साहेबांचे गुडघे दोन वर्षं दुखत होते. त्यातून श्रावण लागायला आठच दिवस उरले होते आणि सगळं सातपूर आखाडाच्या तयारीत होतं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "शेखर, तुझं कायमच्या फर्स्ट शिफ्टचं बघतोय मी. आणि हो, रविवारी आखाडाला तुझ्या त्या दोन काळ्या आण. डॉक्टर ऑपरेशन म्हणतोय, त्याआधी हे करून बघू."

जन्मात एकही आखाड न चुकवलेल्या शेखरला पहिल्यांदाच आखाड नकोसा झाला. साहेबांना नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून त्याने देवीला पुढे केलं. "साहेब, दिल्या असत्या हो. पण सगळ्या नवसाच्या आहेत. देवीला बोललोय."

साहेबांनी दोन्ही गालांना हात लावले. "मग नको रे बाबा! देवीचं आधी."

शेखर शीळ घालत घरी आला. दारातच आई, वत्सलाबाई, उभी होती. साहेबांची बायको तिच्याच भजनी मंडळात.

"शेखऱ्या, नवस बोललास नि आईला पत्ता नाही? आणि देवीचं धन मांडीवर घेऊन बातम्या बघतोस?"

"आई, तसं नाही गं..."

"श्रावणाच्या आत फेडायचा. नंतर गणपती, मग नवरात्र. देवी काय तुझ्या सुट्टीची वाट बघत बसणारे?"

खोटं बोललो म्हणावं, तर देवीच्या नावाने खोटं बोलल्याचं पाप. शिवाय ते संध्याकाळपर्यंत साहेबांच्या घरी गेलं असतं. शेखर टोपली शोधायला लागला. वत्सलाबाईंनी दोन जीप ठरवल्या, बावीस पाहुणे सांगितले, साहेबांनाही प्रसादाचं आमंत्रण दिलं. दोन वाचवायला गेलेल्या शेखरने सहाही मरणाच्या दारात नेऊन ठेवल्या.

रविवारी इगतपुरीच्या पुढे, डोंगरातल्या देवीपाशी मंडळी पोचली. तिथल्या पुजाऱ्याने, केरूबाबांनी, टोपलीत डोकावून पाहिलं.

"ह्ये काय हाय?"

"कोंबडी."

"कोंबडी का कोंबडा?"

"ते... या जातीत लवकर कळत नाही."

"तुला नाय कळत, का तिला?"

रीत सोपी होती. पाखरावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं की देवीने मान्य केलं. साधी कोंबडी थेंब पडताच फडफडते. राणीवर पाणी पडलं, ते कापसात मुरावं तसं मुरलं, आणि ती केरूबाबांच्या उबदार पावलावर बूड टेकून बसली. पुन्हा पाणी. तिने डोळे मिटले. दुसरी आणली, ती राणीला खेटून बसली. मग तिसरी.

कधी देवळाची पायरी न चढणारा शेखर मनातल्या मनात रडकुंडीला येऊन विनवत होता, "हलू नका गं, बायांनो."

सहाही हलल्या नाहीत.

"देवी नाय म्हणतीय," केरूबाबा म्हणाले. "घेऊन जा पाखरं."

"आणि नवस?" वत्सलाबाई घाबरल्या.

"तो कसा सुटंल? बोलणाऱ्यानं जिवाच्या आवडीचं कायतरी सोडावं."

"सांग, तुला सगळ्यात काय आवडतं?" आईने विचारलं.

खरं उत्तर केरूबाबांच्या पायावर ओळीने बसलं होतं. शेखरने तिकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं. देवीच्या होकारावर विसंबून न राहता पाहुण्यांतल्या बारकूमामाने पाच किलो ब्रॉयलर आधीच काळ्या मसाल्यात रटरटत ठेवला होता.

"मटण," शेखर कसाबसा म्हणाला.

"आणि कोंबडी?"

"कोंबडीपण."

"मासे?"

"...मासेसुद्धा."

"अंडी?" हे मोहिनीने विचारलं.

पंगत बसली. साहेबांनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला. शेखर एका कडेला वरणभात कालवत होता, मांडीवर ओली राणी. मोहिनी आपली पत्रावळ घेऊन शेजारी येऊन बसली. रश्श्याचा वास थेट त्याच्या नाकात गेला.

"खरं सांगा," ती हळूच म्हणाली, "नवस बोलला होतात का?"

शेखरने भाताचा घास गिळला.

"बोललो नव्हतो," तो म्हणाला. "फेडून मात्र बसलो."