फाटकातली चप्पल

कोणतंही दशक चालू असताना चांगलं नसतं. ते आधी संपावं लागतं, आणि संपल्यावर पंधरा-वीस वर्षं मुरावं लागतं. मग त्यातली महागाई, डास, परीक्षा आणि घरमालक हळूहळू तळाशी बसतात आणि वर जो निर्मळ द्रव उरतो, त्याला त्या दशकातले सिनेमे म्हणतात. हा द्रव ढवळू नये, एवढीच काय ती काळजी घ्यायची असते.

ही काळजी घेण्याचं काम वस्तीतलं गतदशक चित्रपट रसिक मंडळ अनेक वर्षं निष्ठेने करत आलं आहे. मंडळाची बैठक चष्मेवाल्या नानांच्या दुकानामागच्या खोलीत भरते. डोळे तपासायची खोली ती. समोरच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात वरखाली होणारं गोल स्टूल, आणि काचा पुसायच्या औषधाचा वास. भाषण लांबलं की सभासद तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचायला लागतात, आणि अशाने सहा जणांचे नंबर वेळेवर सापडले. दुसऱ्या कुठल्या रसिक मंडळाचा समाजाला इतका थेट उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.

मंडळाचे नियम सोपे होते. सिनेमा त्याच दशकात, थिएटरात, रांगेत उभं राहून तिकीट काढून पाहिलेला असावा. (ओळखीने मिळालेल्या पासावर पाहिलेला सिनेमा अर्धा धरला जाई.) सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, नाव घेणारा माणूस नवखा. वादात 'तेव्हा' हा शब्द आला की पुढचं वाक्य सिद्ध झालं असं समजावं. आणि सातवा नियम, जो भिंतीवर लावलेला नव्हता पण सगळ्यांना ठाऊक होता: एकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहायचा नाही.

या शिस्तीमुळे दशकातले सुमारे चारशे सिनेमे गाळत गाळत दोनावर आले होते. एक 'गच्ची' आणि दुसरा 'फाटक'. (ही नावं शेवटावरून पडलेली; खरी नावं अर्थातच कुणी घेत नसे.) गच्चीत नायक शेवटी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभा राहतो आणि काहीच बोलत नाही. फाटकात नायक रेल्वेच्या बंद फाटकाशी उभा असतो, पलीकडे ती असते, मधून गाडी जाते, आणि गाडी गेल्यावर पलीकडे ती नसते. गच्चीवाले आणि फाटकवाले यांच्यातला वाद इतका सुसंस्कृत होता की त्यात आजवर फक्त एक साखरपुडा मोडला.

भोंग्याच्या आईचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, आणि तिला तो नकोच होता. भोंगा ही तिची नऊ महिन्यांची मुलगी. रडण्याचा आवाज तीन मजले जायचा, म्हणून वस्तीने ठेवलेलं हे नाव. खरं नाव कागदावर होतं. भोंग्याची आई काळजी करण्यात पदवीधर होती (पदवी वेगळ्या विषयातली होती). मुलगी रडली की काय दुखतंय याची काळजी, आणि नाही रडली की का रडत नाही याची. ती एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची प्रूफं तपासत असे, आणि एक तारखेला तिने परत कामावर हजर व्हायचं होतं. नाही झाली तर तिच्या टेबलावर दुसरी कुणी बसणार होती. मालकांनी तसं गोड शब्दांत सांगितलं होतं, म्हणजे नक्कीच.

वस्तीत पाळणाघर एकच. ते चालवणाऱ्या काकूंकडे जागा एकच रिकामी. आणि काकू पैशाने किंवा ओळखीने बधणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या माणूस बघून मूल घेत.

भोंग्याची आई मुलाखतीला गेली ती लसींचं कार्ड, जेवणाच्या वेळा, ॲलर्जीचा तक्ता आणि बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी अशी फाईल घेऊन. काकूंनी फाईल बाजूला सरकवली.

"ते राहू दे गं. आधी मला सांग, त्या दशकातला तुझा सगळ्यात आवडता सिनेमा कोणता?"

(हा प्रश्न काहींना विचित्र वाटेल. पण लसींच्या कार्डावरून घरातलं वातावरण कळत नाही, असं काकूंचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढणं अवघड आहे.)

नवऱ्याने जिन्यात पढवून ठेवलं होतं. "फाटक," ती म्हणाली.

"शेवट आठवतो?"

"विसरेन कशी, काकू!"

हे अक्षरशः खरं होतं. न पाहिलेली गोष्ट विसरता येत नाही. सिनेमा लागला तेव्हा ती चौथीत होती आणि गालगुंड होऊन घरी पडली होती.

काकूंनी तिचा हात हातात घेतला. "देव पावला बघ. आपल्याकडून बोलणारे मास्तर गेले लेकाकडे राहायला. रविवारी वार्षिक चर्चा आहे. गच्चीवाल्यांकडून दातांचे डॉक्टर बोलणार. त्यांना कुणी उलट बोलत नाही, कारण वर्षभर ते समोरच्याचं तोंड उघडं ठेवूनच बोलतात. शेवटावर तू बोल. चांगलं बोललीस की भोंग्याची जागा पक्की."

आता कोणत्याही जबाबदार माणसाने जे केलं असतं तेच तिने केलं, आणि तिथेच चुकली. तिने सिनेमा पाहायला घेतला.

दुपारी भोंगा झोपली की ती मोबाईल पावडरच्या डब्याला टेकून उभा करायची आणि आवाज बंद करून पाहायची. आवाज चालू ठेवला असता तर दुसरा, मोठा आवाज चालू झाला असता. एका झोपेत साधारण चाळीस मिनिटं सिनेमा व्हायचा. हातात सवयीने पेन्सिल असायची. असा तो तुकड्यातुकड्यांनी चार दिवसांत संपला, आणि भोंग्याची आई गार पडली.

सिनेमात फाटक नव्हतं.

तिने शेवटचा अर्धा तास पुन्हा पाहिला. मग मधला पाहिला, न जाणो, आधीच येऊन गेलं असेल. गाडी नव्हती, रूळ नव्हते, शिट्टी वाजवणारा माणूसही नव्हता. शेवटी नायक आणि नायिका एका दुकानात जाऊन कपाट विकत घेतात. दार नीट लागतं का ते बघतात. लागतं. सिनेमा संपतो.

संध्याकाळी नवरा घरी आला तसं तिने त्याला दारातच गाठलं.

"अरे, फाटक नाहीये."

"कशात?"

"आपल्या सिनेमात."

"असं कसं नाहीये? मी स्वतः रडलोय तिथे."

"कुठे?"

"बाल्कनीत. डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर."

"अरे, सिनेमात कुठे?"

त्याने विचार केला. "शेवटी."

"शेवटी ते कपाट घेतात."

"कपाट?" नवऱ्याने बॅग खाली ठेवली आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुझी झोप होत नाहीये गं. आज भोंग्याला मी घेतो, तू पड जरा."

दुसऱ्या दिवशी ती नानांच्या दुकानात गेली. नाना मंडळाचे अध्यक्ष. ते कुणाच्या तरी चष्म्याच्या दांडीचा स्क्रू आवळत होते.

"नाना, त्या सिनेमाच्या दोन प्रती निघाल्या होत्या का हो? म्हणजे, एकीत काही कापलेलं वगैरे?"

नानांचा हात थांबला. "सूनबाई, पाहिलास की काय?"

"थोडासा."

"कधी?"

"याच आठवड्यात."

नानांनी उठून दाराला आतून कडी घातली.

"कुणाला बोललीस?"

"फक्त ह्यांना. त्यांनी मला झोपायला सांगितलं."

"शहाणा आहे मुलगा." नाना खुर्चीत टेकले. "हे बघ, पूर्वी एका सभासदाने असंच केलं. पुन्हा पाहून आला आणि भर बैठकीत उभं राहून सांगितलं."

"मग? काय झालं त्यांचं?"

"हल्ली ते झाडांना पाणी घालतात."

भोंग्याच्या आईने आवाज खाली आणला. "निदान गच्चीत तरी गच्ची आहे का हो?"

"जिना आहे," नाना सावकाश म्हणाले. "वरपर्यंत जात नाही."

"म्हणजे तुम्हीही—"

"मी चष्मेवाला आहे गं. लोकांना काय दिसतं, ते मी तपासतो. समोर काय आहे, ते तपासायचे पैसे मला कुणी देत नाही."

"पण मग रविवारी मी बोलू काय?"

"जे आहे त्याच्यावर बोलताना माणूस चुकतो, सूनबाई. तुझी काळजी निम्म्याने कमी झाली म्हण की." आणि नानांनी तो चष्मा डोळ्यांना लावून उजेडाकडे धरून पाहिला, जणू काही बोलणंच झालं नव्हतं.

रविवारी खोली भरली. खुर्च्या शेजारच्या बालवर्गातून आणल्या होत्या, त्यामुळे सर्वांचे गुडघे छातीशी आले होते आणि सभेला एक प्रकारचं गांभीर्य आलं होतं. दातांचे डॉक्टर पाऊण तास बोलले. चादरींमधून येणारा उजेड, नायकाचं मौन, त्या मौनातली समाजव्यवस्था. गच्चीवाल्यांनी रुमाल काढले. फाटकवाले तक्त्यावरची सातवी ओळ वाचत बसले.

मग भोंग्याची आई उभी राहिली. हातातल्या कागदावर तिने रात्री खूप विचार करून एकच वाक्य लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. वाचलं असतं तर अर्ध्या मिनिटात सगळं संपलं असतं. इतकी वर्षं तिने पोरांच्या पुस्तकात एक वेलांटी चुकीची जाऊ दिली नव्हती. तिने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर भोंगा. भोंगा काकूंच्या किल्ल्यांचा जुडगा चघळत होती आणि चक्क गप्प होती. पायातली इवलीशी एक चप्पल नेहमीसारखी खाली पडली होती.

भोंग्याच्या आईने कागदाची घडी घातली.

"फाटक बंद आहे," ती म्हणाली. "गाडी जाते. खूप लांब गाडी आहे. आणि गाडी गेल्यावर... पलीकडे ती नसते." सगळे बघत होते. एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणखी काहीतरी हवं होतं. "फक्त तिची एक चप्पल असते."

आता कुणीतरी उठणार आणि लाल शाईने काट मारणार, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

"चप्पल!" मागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं.

"अरे हो! चप्पल!"

"मी ती चप्पल विसरलोच कसा?"

"माझी बहीण आठवडाभर जेवली नव्हती त्या चपलेपायी!"

दातांचे डॉक्टर उठले. "हरकत आहे," ते म्हणाले. "चप्पल होती, हे मी नाकारत नाही. मी प्रामाणिक माणूस आहे. पण ती उजव्या पायातली होती."

"डाव्या!" काकू भोंग्यासकट उभ्या राहिल्या. "डावीच! अंगठा तुटलेली!"

पुढचे दोन तास मंडळाच्या इतिहासात सर्वांत फलदायी मानले जातात. अखेरीस डाव्या पायाच्या बाजूने एकोणीस, उजव्याच्या बाजूने चौदा अशी मतं पडली, आणि दोघांनी चप्पल नसून सँडल होती असं लेखी कळवलं. मूळ ठरावावर सहा गच्चीवाले केवळ चपलेखातर फुटले आणि फाटक बहुमताने दशकातला सर्वश्रेष्ठ सिनेमा ठरला. दातांच्या डॉक्टरांनी पराभव मोठ्या मनाने स्वीकारला. चप्पल मुळात गच्चीवरूनच खाली पडली होती, एवढंच त्यांनी नोंदवून ठेवलं. भोंग्याची आई खोटं बोलली असं कुणी म्हणेल तर ते अन्यायाचं होईल. तिने फक्त सुधारित आवृत्ती काढली.

घरी जाताना नवरा भोंग्याला खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालला. मग म्हणाला, "ती चप्पल मला पहिल्यापासून आवडायची. तुला कधी सांगितलं नव्हतं का मी?"

"नाही," ती म्हणाली.

एक तारखेला सकाळी तिने भोंग्याला पाळणाघराच्या दारात काकूंच्या हाती दिलं. रडण्याच्या आवाजासाठी तिने मनाची तयारी केली होती, शेजाऱ्यांनी खिडक्यांची केली होती. भोंगा रडली नाही. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आत एक लाल चेंडू होता, तिकडे सरळ रांगत गेली. दार लागलं. आणि भोंग्याची आई उंबऱ्याशी उभी राहून ओक्साबोक्शी रडायला लागली.

काकूंनी दार परत किलकिलं केलं. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"फाटक आठवलं ना गं?"

तिने मान हलवली. काय सांगणार? मग रुमालाने नाक पुसत बसस्टॉपकडे चालत असताना तिच्या लक्षात आलं की खरंच आठवतंय. बंद दांडी, धूळ, लांब जाणारा शेवटचा डबा, आणि पलीकडे ती. डावी. अंगठा तुटलेली. शंकाच नको. छापखान्यात नवीन लागलेल्या मुलीने डबा खाताना सहज 'उजवी' म्हटलं, तर भोंग्याची आई त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलते.

एव्हाना तुम्हीही हा सिनेमा ओळखला असेल. मनात धरून बसला आहात ना, तोच. शेवट तर अगदी डोळ्यांपुढे उभा आहे; कुणाच्या शेजारी बसून पाहिला होता, तेही आठवतंय. छान आहे तो शेवट. तसाच राहू दे. घरी जाऊन पुन्हा पाहू नका. आम्ही पाहिला आहे.