चादरीवर मांडलेली मोटरसायकल

"रविवारी थोरला येतोय. त्याच्याबरोबर जाते मी," आईने सोफ्यावर पडल्या पडल्या जाहीर केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

धाकट्याच्या हातातला कार्बोरेटर निसटून थेट पायाच्या अंगठ्यावर पडला. कळ मस्तकात गेली, पण ओरडायचं तोंड नव्हतं. आई सोफ्यावर झोपत होती ती त्याच्यामुळेच. तिच्या खोलीत मोटरसायकल राहत होती.

मोटरसायकल वडिलांची. ते गेल्यापासून ती जिन्याखाली गंजत पडली होती. आई जाता-येता तिच्या टाकीवरून हात फिरवायची आणि मग तासन् तास कोणाशी बोलायची नाही. धाकट्याला ते बघवत नव्हतं. गाडी पुन्हा सुरू केली आणि दारात तिचा तो जुना धडधडाट झाला, तर आई पूर्वीसारखी हसेल-बोलेल, असं त्याच्या मनाने घेतलं. विचार सोन्यासारखा होता. अडचण एवढीच, की गृहस्थाने उभ्या आयुष्यात सायकलची चेनसुद्धा बसवलेली नव्हती. तो नोकरीला ग्रंथालयात होता आणि पुस्तकं जागच्या जागी लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

जिन्याखाली अंधार, म्हणून गाडी घरात आली. ती मावेल एवढी मोकळी जागा फक्त आईच्या खोलीत होती. "चार दिवसांचं काम आहे, आई," असं म्हणून त्याने आईला सोफ्यावर हलवलं. ते चार दिवस संपता संपेनात. घरभर रॉकेलचा वास भरला, आईचं बोलणं आणखी कमी झालं आणि बायको तर फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलू लागली.

काम मात्र अगदी पद्धतशीर चाललं होतं. सुटलेला प्रत्येक भाग पुसायचा आणि आईच्या पलंगावरच्या पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडायचा, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. चिठ्ठी नाही, खूण नाही. "जागा हीच खूण," तो बायकोला ऐकवायचा. शेवटापासून उचलत गेलं, की गाडी तयार! ग्रंथालयात ही पद्धत चालून गेली असती. तिथे चादरी धुणारं कोणी नव्हतं.

थोरले दीर येणार म्हटल्यावर बायकोने पदर खोचला. पडदे काढले, त्यांच्या कड्या एका बादलीत टाकल्या. मग तिची नजर चादरीवर गेली. तिने चारी टोकं धरून गाठोडं केलं, आतलं सगळं लोखंड त्याच बादलीत ओतलं आणि चादर भिजत घातली.

"अगं, काय केलंस हे!"

"काय केलं? धुतली. एक वस्तू टाकली असेल तर शपथ. सगळं बादलीत आहे."

"पण क्रम?"

"कसला क्रम?"

धाकटा बादलीशेजारी मटकन खाली बसला.

"अहो, रडताय की काय?"

"रॉकेल गेलं डोळ्यांत."

रविवार तोंडावर आला होता. आता क्रम आठवेल तसा, आणि आठवला नाही तर बसेल तसा, असं काम सुरू झालं. जे बसत नव्हतं ते तो हातोडीने समजावून सांगायचा. शनिवारी संध्याकाळी गाडी उभी राहिली. नेमकी तेव्हाच बायको म्हणाली, "अहो, पडद्याच्या कड्या दिसत नाहीत कुठे."

धाकट्याने बादलीत पाहिलं. बादली रिकामी होती. त्याने गाडीकडे पाहिलं आणि नट आवळत राहिला. त्या रात्री पडद्याविना रस्त्यावरचा दिवा आईच्या तोंडावर आला. सकाळी तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

थोरला पांढऱ्याशुभ्र शर्टात अवतरला. मोटरसायकल बघून गालातल्या गालात हसला. "ही सुरू करणार तू?"

"दादा, थांब जरा. आई, एकदा हिचा आवाज ऐक, मग खुशाल जा."

आई थोरल्याच्या कारमध्ये जाऊन बसली. धाकट्याने गाडी दारात काढून किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. गाडी खोकली, आणि तिच्या पोटातून एक कडी उडून घरंगळत थोरल्याच्या बुटापाशी आली.

"सापडली!" बायको आनंदाने ओरडली.

धाकट्याने तिच्याकडे बघितलंही नाही. गाडी ढकलत तो उताराला लागला. उतारावर तरी इंजिन पकडेल, ही शेवटची आशा. ते पकडलं नाही. कोपऱ्यावर तो एकटाच धापा टाकत उभा राहिला. लोखंडाच्या एका ढिगाऱ्यापायी आपण आईला घराबाहेर काढलं, या विचाराने त्याला भडभडून आलं. मग तो मान खाली घालून गाडी ढकलत परत निघाला.

फाटकाशी पोचला तेव्हा शर्ट काळा, हात काळे, घाम डोळ्यांत उतरलेला. थोरल्याने कार सुरूसुद्धा केली होती. आई काचेतून एकटक बघत होती. हरलो म्हणायला धाकट्याची जीभ रेटेना.

"सुरू झाली होती," तो म्हणाला. "कोपऱ्यावर बंद केली. म्हटलं, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको."

कारचं दार उघडलं. आई खाली उतरली.

"हात धुऊन घे," ती म्हणाली. "चहा टाकते."

"आई, अगं बॅग चढवलीय," थोरला म्हणाला.

"मग उतरव." ती हसत होती. "तुमचे वडील रोज असेच ढकलत आणायचे. असेच काळे होऊन. आणि रोज हेच सांगायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कोपऱ्यावर बंद केली. सुरू करून आणली असतीस, तर ओळखलीसुद्धा नसती मी."

"पण तो धडधडाट? मला लख्ख आठवतोय!"

"तो समोरच्या पिठाच्या गिरणीचा. तू लहान होतास. तुला गाडीचा फार अभिमान होता, म्हणून त्यांनी कधी सांगू दिलं नाही."

आई थोरल्याकडे वळली. "बघतोस काय? फाटकापाशी चढ आहे. एकट्याने चढत नाही ती. आणि जिन्याखाली ठेवा, माझ्या खोलीत नको."

थोरल्याने कार बंद केली. पांढरा शर्ट काढून सीटवर नीट घडी घालून ठेवला आणि जुन्या सवयीने गाडीच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला.